कान दोनच, मग ७.१ कशाला?

पंधराशे-दोन हजार रुपये खिशात घेऊन गेमिंगचा हेडफोन घ्यायला निघालेल्या मुलाला खोक्यावर पहिल्यांदा दिसतो तो ‘७.१ सराउंड’ हा शिक्का. मग ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’, मग रंग बदलणारे दिवे. या किमतीत एवढे मिळते म्हणून सौदा स्वस्त वाटतो. पण शत्रू डावीकडून येतो आहे की पाठीमागून, हे सांगण्याचे काम हेडफोन करतच नाही. ते काम गेमच्या आत आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूत होते. हेडफोनकडे उरते ते हमालाचे काम: दोन कानांसाठी तयार झालेले दोन आवाज जसेच्या तसे पोचवणे. पैसे मोजायचे ते या कामाचे. खोक्यावर मात्र बहुतेक मजकूर दुसऱ्याच कामाचा असतो.

आवाजाची दिशा आपल्याला कशी कळते, याचा पाया लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ साली घातला. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात क्षणभर उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतका. शिवाय उंच पट्टीच्या आवाजाला डोक्याचा आडोसा होतो, त्यामुळे तो पलीकडच्या कानात क्षीण ऐकू येतो. खालच्या पट्टीसाठी वेळेतला फरक, वरच्या पट्टीसाठी जोरातला फरक, अशी ही वाटणी आहे. अनुकूल परिस्थितीत माणसाचे कान दहा मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही टिपतात, आणि नेमका समोरचा आवाज एखाद्या अंशाने सरकला तरी कळतो. हे दोन्ही फरक नोंदवायला हवेत फक्त दोन वाहिन्या, डावी आणि उजवी. म्हणजे साधा स्टिरिओ.

अडचण येते ती पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे ओळखताना. बरोबर समोरचा आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारख्याच जोराने येतो. तिथे कामी येते ती कानाची बाहेरची पाळी. तिच्या घड्या-वळ्यांवरून परावर्तित होताना आवाजाच्या वरच्या पट्ट्या दिशेनुसार थोड्या बदलतात आणि मेंदूला त्या खुणा लहानपणापासून पाठ असतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांच्या कानांत साचे बसवून पाळीचा आकारच बदलला. लगेच त्यांना आवाज वरून येतो की खालून, हे कळेनासे झाले. काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला. साचे काढल्यावर जुने कानही विसरला नव्हता. आता हीच पाळीची करामत गणिताने करता येते. कानांवर होणारा हा परिणाम मोजून आवाजावर आधीच चढवला की दोन वाहिन्यांतूनही मागची पावले मागेच वाटतात. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ही सोय २०१६ साली आली, ‘व्हॅलोरंट’मध्ये २०२१ साली, आणि दोन्हीकडे ती गेममध्येच फुकट आहे.

मग ७.१चे काय होते? स्वस्त हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे एकच छोटा स्पीकर असतो. सात दिशांचे सात स्पीकर तिथे नसतातच. सॉफ्टवेअर त्यांची नक्कल करते आणि शेवटी दोनच वाहिन्या कानात सोडते. हेडसेटची पिन साधी गोल, ३.५ मिलिमीटरची असेल तर तिच्यातून कानांकडे डावा-उजवा यापलीकडे काही जाऊच शकत नाही. यावर खेळणारे म्हणतील, पण फरक तर ऐकू येतो! येतो, नाकारायचे कारण नाही. ही नक्कल आवाजात खोलीचा घुमारा मिसळते, म्हणून सगळे ऐसपैस वाटते. सिनेमा पाहताना किंवा स्वतःची दिशाव्यवस्था नसलेल्या गेममध्ये ते उपयोगीही पडते. मात्र त्यासाठी हेडसेटच महाग घ्यायला नको. ‘विंडोज सॉनिक’ ही तशीच सोय २०१७पासून विंडोजमध्येच आहे. आणि गेमने दिशा आधीच चढवलेली असताना वरून हेडसेटची दिशा चढवली, तर एकाच आवाजावर दोन कानांचे ठसे उमटतात आणि मूळ खुणा पुसट होतात. अशा वेळी एकच चालू ठेवावे, शक्यतो गेमचेच. ते सगळ्यांना सारखेच साधेल असे नाही, कारण गणितातला कान सरासरी असतो आणि आपला आपला. पुढच्या-मागच्याची गल्लत होण्याचे प्रमाण परक्या कानाने वाढते. पण ही त्रुटी महागड्या हेडसेटलाही चुकत नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा: स्वस्तात चांगला आवाज मिळेल कसा? संशोधक येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मोजमापांची किमतीशी तुलना केली. खालच्या-वरच्या पट्ट्या किती समतोल उमटतात आणि किंमत किती, यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन म्हणजे फसवणूक असा नव्हे. टिकाऊपणा, गादी, माईक, बिनतारी सोय यांचे पैसे लागतातच, आणि त्या अभ्यासाने ते मोजलेले नाहीत. पण ‘जास्त पैसे, जास्त स्पष्ट पावले’ हे समीकरण त्यातून निघत नाही. उलट ‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक हेडसेटमध्ये स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून बेस फुगवलेला असतो, आणि खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीचे बारीक आवाज झाकून टाकतो. पावलांची खसखस, बंदुकीत काडतुसे भरल्याची खटखट नेमकी त्यात बुडते. ड्रायव्हरच्या मिलिमीटरवरून यातले काहीच कळत नाही.

तिसरा आक्षेप व्यावसायिक खेळाडूंचा. त्यांच्या डोक्यावर तर मोठमोठे हेडसेट दिसतात. पण अनेक मोठ्या स्पर्धांत खेळाडू गेमचा आवाज ऐकतात तो कानात घातलेल्या छोट्या इयरफोनमधून. वरचा हेडसेट प्रेक्षकांचा गलका अडवायला असतो आणि त्यात बहुधा नुसता खरखराट सोडलेला असतो.

म्हणून कमी पैशांत पहिली पसंती तारेच्या, कानात घट्ट बसणाऱ्या इयरफोनला द्यावी असे माझे मत आहे. डोक्यावर पंखा आणि शेजारी मिक्सर असलेल्या घरात तो बाहेरचा आवाज चांगला अडवतो, आणि मे महिन्यात रेक्झिनच्या गादीखाली कान उकडण्यापेक्षा बरा. कानात काही घालणे सहन होत नसेल त्यांनी कान पूर्ण झाकणारा, कापडी गादीचा हेडफोन पाहावा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून पाहावा. डेस्कटॉपला माईक आणि स्पीकरची भोके वेगळी असतात, तेव्हा दोन पिनांत विभागणारी छोटी तार लागेल. निवड झाली की एका माणसाचा साधा, मोनो आवाज लावावा. तो डोक्याच्या बरोबर मधोमध वाटला पाहिजे. एका बाजूला ओढला जात असेल तर हेडफोन उलटा घालून बघावा. ओढ दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष हेडफोनचा किंवा जोडणीचा. त्याच कानाकडे राहिली तर कान तपासून घ्यावा. ब्लूटूथ इथे टाळलेलाच बरा. त्यात आवाज अनेकदा सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशिरा येतो, आणि नेहमीच्या ब्लूटूथवर माईक सुरू केला की आवाज फोनच्या दर्जाचा, एकाच वाहिनीचा होतो. म्हणजे मित्राशी बोलायला लागताच दिशा गायब. छोट्या यूएसबी रिसीव्हरचे बिनतारी हेडसेट यात बरेच सरस, पण बहुतेक या बजेटबाहेर जातात.

बाहेरचा आवाज अडवण्यावर एवढा जोर देण्याचे आणखी एक कारण आहे. हेडफोन सैल बसला की पंख्यावर मात करायला आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८३ला २०, ८६ला १०. रोज रात्री चार तास खेळणाऱ्याचा ८३ डेसिबलचा कोटा सोमवारपासून मोजला तर शुक्रवारी रात्री संपतो, आणि खेळाचे खरे दिवस तर शनिवार-रविवार.