बिनतक्रार डबा

संपादकांना घरगुती साठवणुकीवर लेख हवा होता. लोकांचे फोटो फोनमध्येच मरतात, त्यावर कोणी काही करतंय का ते बघ, एवढीच सूचना. गिरीजमधल्या एका व्हिडिओ शूटिंगवाल्या कुटुंबाने स्वतःचा सर्व्हर बसवलाय असं कानावर आलं होतं. तो मात्र फारच हळू चालतो, असंही सांगणाऱ्याने वर सांगितलं. मला हे दुसरं वाक्य जास्त आवडलं.

गिरीज म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या, विहिरी आणि बावखलं, म्हणजे छोटी तळी. डोंगरीवर दत्तमंदिर आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेची आठवण सांगणारा वज्रगड. हे घर वाडीच्या दोन टोकांना विभागलेलं आहे. अलीकडे स्लॅबचा नवा बंगला, पलीकडे मंगळोरी कौलांचं जुनं घर, मध्ये केळी. व्हीएचएस कॅसेटच्या काळात वडिलांनी लग्नं शूट करायला सुरुवात केली. मुलगा मुंबईत नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी नव्या बंगल्यात एडिटिंगला बसतो. सर्व्हर जुन्या घराच्या माळ्यावर. जुलै २०१८च्या पुरात वसई पाण्यात बुडाली, तेव्हापासून या घरात किमती वस्तू खाली ठेवायची कोणाची छाती नाही.

सर्व्हर हा शब्द जरा भारदस्त झाला. बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा, आत चार हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची केबल. याला नॅस म्हणतात. घरातला कुठलाही संगणक त्यावर फाइल ठेवू शकतो, उचलू शकतो. याचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी इथरनेट मांडलं. १९८८मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्का एकत्र बांधून भरवशाचा साठा करण्याची ‘रेड’ ही कल्पना शोधनिबंधात मांडली. १९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने साम्बा नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि विंडोजवाल्या संगणकाला परक्या यंत्रावरच्या फाइली आपल्याच वाटू लागल्या. या तिन्ही गोष्टी एका खोक्यात भरल्या की नॅस तयार.

तक्रार साधी होती. एका लग्नाचं शूटिंग दोनशे जीबीच्या घरात जातं. ते माळ्यावर चढायला पाच तास लागत. मुलगा हार्ड डिस्क खिशात घालून केळीतून चालत जाई आणि डब्यातच खुपसे. नेटवर्कपेक्षा पाय लवकर पोचत. कॉपीच्या खिडकीत वेग दिसे सेकंदाला अकरा एमबी. कधी साडेअकरा. कमी नाही, जास्त नाही.

केबल तपासायला आलेल्या तंत्रज्ञाने तो आकडा ऐकला आणि पिशवीही न उघडता म्हणाला, “मग डब्यात काही बघू नका आत्ता. वायर बघू.”

हा माणूस मला त्या डब्यापेक्षा रंजक वाटला. गावातल्या इंटरनेटच्या जोडण्या करून हात बसलेला. शिक्षणाबद्दल विचारलं की विषय बदलतो. त्याचं गणित असं : आजच्या साध्या नेटवर्कचा वेग सेकंदाला एक हजार मेगाबिट, म्हणजे कागदावर १२५ एमबी आणि प्रत्यक्षात ११०च्या आसपास. त्याच्या आधीच्या पिढीचा वेग १०० मेगाबिट, कागदावर साडेबारा, हातात अकरा. डिस्क बिघडली तर वेग वरखाली होतो, वायफाय असेल तर नाचतो. अकरावर ठाम बसलेला आकडा म्हणजे दोन टोकांनी आपसात जुन्या वेगावर समझोता केलेला आहे.

समझोता का होतो, तो भाग खरा सुंदर आहे. केबलमध्ये आठ तारा असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभरच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात. हजारच्या वेगाला, १९९९च्या मानकाप्रमाणे, चारही लागतात आणि प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी माहिती धावते. पण केबल लावली की दोन्ही टोकं कुठल्या वेगाने बोलायचं ते आधी ठरवतात, आणि हे ठरवणं होतं नारिंगी-हिरव्या जोडीवर. निळी-तपकिरी धड आहे की तुटलेली, याची तिथे विचारपूसच नसते. हजार ठरतो, जोडणी होत नाही. पुन्हा ठरतो, पुन्हा फसते. काही प्रयत्नांनंतर बऱ्याचशा चिप निमूट शंभरवर उतरतात आणि काम सुरू. पडद्यावर एक अक्षर येत नाही. मागच्या बारीक दिव्याचा रंग तेवढा बदलतो, आणि तो बघायला माळ्यावर कोण जातं?

तंत्रज्ञाने दोन्ही टोकांना टेस्टर लावला. एक ते आठ दिवे क्रमाने लागायला हवेत. सातवा लागलाच नाही. तपकिरी जोडी. कनेक्टर कापून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. पितळी दातांवर हिरवट पूट चढलं होतं. वसईची खारी हवा, स्वस्त कनेक्टरवरचा नावापुरता सोन्याचा मुलामा, आणि पत्र्याखालून आलेला एखादा पावसाळा. मग त्याने तारेचं टोक ब्लेडने खरवडलं. तांबडी तार आत रुपेरी निघाली. तांब्याचा पातळ थर आणि गाभा ॲल्युमिनियमचा. असली केबल स्वस्त मिळते, पण वाकवली की आतून मोडते, आणि लांब पल्ल्यावर दमते.

“टेस्टरवर पण फार विश्वास नको,” तो म्हणाला. तार अखंड आहे का एवढंच टेस्टर सांगतो. कुणी दोन्ही टोकांना आपल्या मनाने पण सारख्याच क्रमाने रंग लावले, तर आठही दिवे झकास लागतात. पण पिळाच्या जोड्या फुटतात, एका जोडीचा आवाज दुसरीत शिरतो आणि वेग कोसळतो. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकवून का बसवायची, तर मधली जागा एके काळी टेलिफोनसाठी राखलेली होती. हे सांगताना त्याची बोटं न बघता तारा क्रमाने लावत होती. आठही कापून एका रेषेत आणल्या, कनेक्टरमध्ये सरकवल्या, पकडीने दाबल्या. मी नंतर बराच वेळ त्याची बोटंच बघत होतो.

दिवे आठ लागले. आयपर्फ नावाच्या छोट्या प्रोग्रामने त्याने एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत नुसता डेटा ढकलून पाहिला. डिस्क या परीक्षेत येतच नाही, म्हणून दोष तारेचा की साठ्याचा ते लगेच वेगळं होतं. आकडा आला ९४० मेगाबिट. वडील म्हणाले, “झालं ना? चहा घ्या.” मुलाने लग्नाचं फोल्डर कॉपीला लावलं. वेग आला सेकंदाला पस्तीस एमबी. मग वीस. मग पुन्हा तीस.

इंटरनेटवर अशा वेळी तारेतून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा आकार वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. घरगुती जाळ्यात त्याने बहुधा नवीन दुखणं तेवढं मिळतं. तंत्रज्ञाने तो वाटेला लावला आणि मुलाला ब्राउझरमध्ये डब्याचं पान उघडायला सांगितलं. मुलाने ते बसवल्या दिवसानंतर कधी उघडलेलं नव्हतं. चार डिस्कांपैकी तिसऱ्या चौकोनावर लाल खूण होती.

डिस्क मेली होती, तीही आज नव्हे. चार डिस्कांच्या या रचनेत एक गेली तरी उरलेल्या तीन तिच्यावरचा मजकूर गणिताने पुन्हा काढून देतात. काम थांबत नाही, फक्त जड होतं. डबा तेव्हा बीप वाजवत होता म्हणे. रात्री झोप लागत नाही म्हणून घरातल्या कुणीतरी बीप बंद केला. कुणी, ते विचारल्यावर माळ्यावर अचानक शांतता पसरली.

डब्याचं जे मोठेपण जाहिरातीत सांगतात, एक डिस्क गेली तरी चालतो, त्याचीच मला तिथे धास्ती वाटली. तार शंभरवर उतरली, डिस्क तीनवर आली, दोन्ही वेळा यंत्राने काम न थांबवता जमवून घेतलं. बीप बंद केल्यावर हळू चालणं हीच त्याची उरलेली बोली होती. आणखी एक डिस्क गेली असती तर सगळी लग्नं गेली असती.

नवी डिस्क आली. तिच्यावर मेलेल्या डिस्कवरच्या मजकुराची पुनर्बांधणी सुरू झाली आणि रखडली. फोनवर मुलगा टक्के सांगे, ते हलत नव्हते. मग त्याने डिस्कचा नंबर शोधून पाहिला : एसएमआर जातीची. यात जागा वाचवण्यासाठी चुंबकी पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, छपरावरची कौलं बसवतात तसे. खालचं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात. थोडं लिहिणं असेल तर डिस्क आपल्या राखीव भागात ते तात्पुरतं ठेवते आणि निवांतपणी जागेवर लावते. दिवसरात्र लिहीत राहिलात तर राखीव भाग भरतो आणि ती अडखळते. पुनर्बांधणी म्हणजे नेमकं दिवसरात्र लिहिणं. हे प्रकरण जुनं आहे. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (इथे अर्थ लाल, वरची ‘रेड’ कल्पना नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२०मध्ये, ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर मान्य केलं. आता तांत्रिक माहितीपत्रकात बहुतेकदा जात लिहिलेली असते. दुकानातून घेताना ते पत्रक कोण वाचतो?

पुनर्बांधणी चालू असताना वीज गेली तर काय, हा पुढचा प्रश्न. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी थकलेली आणि वीज गेल्याचं डब्याला कळवणारी त्याची वायर लावलेलीच नाही. शिवाय सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवी, कारण हुशारीने बांधलेल्या चार डिस्का चोरी, वीज, चुकून डिलीट यांतलं काहीच अडवत नाहीत. वडिलांच्या जुन्या कॅसेट डब्यात उतरवल्यात, त्यांची आणखी प्रत कुठेही नाही. त्यातल्या काहींच्या चुंबकी फितीला बुरशी लागलीय, म्हणजे डब्यातली प्रत हीच पहिली.

तंत्रज्ञाला मात्र या सगळ्यापेक्षा वाडीतली केबल खुपते. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकली की जवळपास वीज पडल्यावर दोन घरांच्या अर्थिंगमधला फरक त्या तारेतून धावतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. तिथे काच हवी, फायबर. काचेतून वीज वाहत नाही. दोन कन्व्हर्टर, पाइपातून पुरलेली बाहेरच्या जातीची केबल, टोकं जोडायला स्प्लाइसिंगवाला. मुलाचा होकार आहे. पाइप पुरायला चर खणावा लागेल, तो नेमका केळीच्या ओळीतून. वडिलांचं म्हणणं, घड लागलेत, आत्ता कुदळ नको, घड उतरल्यावर बघू. तोवर वळीव येऊन जाईल, असं तंत्रज्ञ म्हणाला. त्यावर मुलाने तोडगा काढलाय : आकाश भरलं की जुन्या घरी जाऊन केबल हाताने उपसायची. शनिवार-रविवार सोडून ते कोण करणार, ते अजून ठरलेलं नाही.