तडकलेले डाळिंब आणि संधानाचा कायदा

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला 'ब्रिक्स' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी अशा साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात उसाची पक्वता ब्रिक्सवरून पाहतात. द्राक्ष-डाळिंबवालेही आता खिशात रिफ्रॅक्टोमीटर बाळगतात. रसाचा एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे पाहिले की रसात शेकडा किती साखर आहे याचा अंदाज येतो. चांगल्या पिकलेल्या भगवा डाळिंबाचा आकडा १५-१६च्या आसपास असतो. या आकड्याच्या निम्म्याहून किंचित जास्त धरले, तर तो रस पूर्ण आंबल्यावर त्यात शेकडा किती अल्कोहोल असेल ते कळते. डाळिंबाचे ८ ते ९ टक्के, पेरूचे ५ ते ६, आणि वाईनच्या द्राक्षांचे १२-१३.

हा हिशेब मी का मांडू लागलो, ते इंदापूरच्या बाजारात डाळिंबांचे लिलाव पाहिले की लक्षात येईल. तिथे फळाचा भाव सालीवर ठरतो. तेल्याचा डाग पडलेले, उन्हाने चट्टा आलेले किंवा पावसाच्या एका सरीने तडकलेले फळ मातीमोल जाते. डाग वरवरचा असेल तर आतले दाणे तितकेच लाल आणि गोड असतात. (तडकलेल्या फळात बुरशी शिरली असेल तर मात्र ते टाकूनच द्यायचे. बुरशीचे विष आंबवल्याने जाईल याचा भरवसा नाही.) अनारदाणा करावा म्हटले तर त्याला हिमाचलातल्या रानडाळिंबाचा आंबटपणा लागतो, आपला भगवा त्यासाठी फार गोड. मग जगात इतरत्र डाळिंबाची वाईन होते, ती इथे का नको, असा प्रश्न कोणालाही पडेल.

रसात काय घडते ते आधी पाहू. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव साखर खातो आणि तिचे जवळपास निम्मे अल्कोहोल, निम्मा कार्बन डायऑक्साइड वायू करतो. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात हे सिद्ध करेपर्यंत आंबणे ही निव्वळ रासायनिक घडामोड आहे, असे मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ मानत होते. वायूचा आकडा लोकांना खोटा वाटतो: एक लिटर डाळिंबरसातून ३५ लिटरांहून जास्त वायू निघतो. घट्ट बुचाची काचेची बाटली अशा वेळी फुटते आणि काचा घरभर उडतात. म्हणून वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही, अशी तोटी लावतात. हवा आत आली की दुसरे जिवाणू अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात आणि हाती शिरका उरतो.

डाळिंब सोपे फळ नाही. दाण्यांमधला पिवळसर पडदा आणि साल यांत इतके टॅनिन असते की फळ अख्खे पिळले तर पेय औषधासारखे कडू होते. फक्त दाणे घ्यावे लागतात आणि तेही बी न चिरडता. दुसरी अडचण आंबटपणाची. आम्ल कमी असेल तर नको ते जिवाणू वाढतात आणि चवही मिळमिळीत होते. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टारिक. आपल्या चिंचेतही तेच असते, हे मला फार उशिरा वाचनात आले आणि गंमत वाटली. तिसरी अडचण रंगाची. सुंदर तांबडा रस काही महिन्यांत विटकरी होतो.

पेरूत पेक्टिन फार, त्यामुळे गर निवळत नाही. पेक्टिन तोडणारे एन्झाइम घालावे लागते. सायडर हे सफरचंदाचे पेय, पण त्याला तुरट-कडसर जातीची सफरचंदे लागतात. बारामतीच्या मंडईत येणारी काश्मिरी, हिमाचली फळे खाण्याची, गोड आणि टॅनिन कमी असलेली. आणि ज्याला आपण 'ॲपल बोर' म्हणतो ते बोरच आहे, त्याच्या नावावर जाऊ नये.

याशिवाय ऊन आहे. वाईनच्या यीस्टला साधारण १८ ते २५ अंश मानवते. पस्तिशीच्या वर ते दमते, साखर अर्धवट सोडते आणि भलते वास निर्माण करते. इंदापूरचा एप्रिल चाळिशी गाठतो. जुन्या वैद्यांनी यावर तोड काढली होती. आसवाचे तूप लावलेले भांडे ते मातकापडाने बंद करून धान्याच्या राशीत पुरून ठेवत. धान्य उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते, त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक भांड्यापर्यंत पोचत नाही. त्यात घातलेल्या धायटीच्या फुलांवर रानटी यीस्ट असते. शार्ङ्गधराने न उकळता केलेले ते आसव आणि काढ्यापासून केलेले ते अरिष्ट, असा भेद सांगितला आहे. औषधाच्या दुकानातल्या द्राक्षासवात आजही अल्कोहोल असते, ते बाहेरून घातलेले नसते, बाटलीत जाण्याआधी आपोआप तयार झालेले असते.

इथे कायदा येतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९चा. त्याच्या व्याख्येप्रमाणे अल्कोहोल असलेला कोणताही द्रव ही दारू, आणि नैसर्गिक असो की कृत्रिम, ज्या प्रक्रियेने ती तयार होते ती निर्मिती. परवान्याशिवाय निर्मिती हा गुन्हा. म्हणजे घरच्या बरणीतली डाळिंबाची वाईन, विक्रीचा विचार मनात नसला तरी, गुन्हाच ठरते. मग द्राक्षासव सुटते कसे? १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधने यांपुरत्या या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द ठरवल्या, आणि पुढे कायद्यातच त्यांना वेगळी सूट मिळाली. इंग्लंडने १९६३ साली आणि अमेरिकेने १९७८ साली घरगुती बिअर मोकळी केली. आपल्याकडे मात्र कौटिल्य अधिक मोकळा होता असे म्हणावे लागते. त्याच्या अर्थशास्त्रातला सुराध्यक्ष बाकी फार कडक, पण कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा तो देतो, आणि उत्सव-यात्रांना चार दिवसांची सवलत.

कायद्यामागे भीती आहे आणि ती निराधार नाही. जून २०१५मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. पण ते मिथेनॉल फळाच्या रसातून आलेले नव्हते. ते कारखान्यात वापरायचे रसायन दारूत मिसळल्यामुळे आले होते. पेक्टिनमधून थोडे मिथेनॉल प्रत्येक फळाच्या वाईनमध्ये तयार होते, पेरूत जरा जास्त, तरी ते जीवघेण्या प्रमाणाच्या कितीतरी खाली राहते. वाईन गाळून दारू करणे ही वेगळी गोष्ट. तिथे धोकाही वेगळा आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. या दोन गोष्टी वेगळ्या बोलल्या जात नाहीत, त्यामुळे चर्चा दारूबंदी हवी की नको एवढ्यावर येऊन थांबते आणि फळाचे काय करायचे हे राहूनच जाते.

शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, त्यातून वाइनऱ्या वाढल्या. पाटस-बारामती रस्त्यावर रोटीजवळची मोठी वाइनरी आपल्याला ठाऊक आहे. परिसरातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीवर तेच यीस्ट टनावारी राबते. दहा-वीस क्रेट तडकलेले डाळिंब घेऊन एखाद्या बचतगटाने कुठे जायचे याचे उत्तर या दोन्हींत नाही.

रसाचा ब्रिक्स आणि आंबटपणा मोजून ठेवायला मात्र परवाना लागत नाही. डागी फळाचा रस निरोगी फळाच्या रसापेक्षा किती कमी पडतो, मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार यांत किती फरक पडतो, एका क्रेटमधून टाकाऊ वगळून रस किती निघतो, हे आकडे हाती असल्याशिवाय परवान्याच्या अर्जात लिहिणार काय? मृगाची फळे दिवाळीनंतर बाजारात येतील. डागी आणि निरोगी फळांच्या दोन वेगळ्या वह्या मी तेव्हापासून घालणार आहे.