गडावरचा मुक्काम आणि टाक्यातलं पाणी

डोंगरात मुक्कामाला जायचं म्हटलं, की पुण्यात हल्ली पहिला प्रश्न येतो, ‘बुकिंग कुठलं केलंत?’ धरणाकाठचे रंगीत तंबू, रात्री गाणी, सकाळी पोहे, सगळं पॅकेजमध्ये मिळतं. त्याला माझी ना नाही. पण सह्याद्रीत त्याहून जुनी, साधी आणि सर्वांना परवडणारी मुक्कामाची रीत आहे. गावातल्या मारुतीच्या देवळाचा ओटा, शाळेची पडवी, गडावरची लेणी. आज त्यांतल्या एकाच ठिकाणाबद्दल बोलतो, हरिश्चंद्रगडाबद्दल.

सह्याद्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धो धो पाऊस उभा राहतो. पण हेच डोंगर एप्रिलमध्ये पाहा. ओढे कोरडे, गवत वाळलेलं, कातळ तापलेला. चार महिन्यांचा पाऊस उतारांवरून वाहून खालच्या धरणांत जातो आणि माथ्यावर उन्हाळ्यात जवळजवळ वाळवंटाची अवस्था येते. अशा ठिकाणी छपरापेक्षा पाणी मोलाचं. जुन्या लोकांनी ते ओळखून कातळात टाकी खोदली. बसाल्टचा अखंड थर पाणी सहसा झिरपू देत नाही. टाकं कातळाच्या पोटात, मध्ये खांब राखून खोदलं, की वर दगडाचंच छप्पर होतं. ऊन लागत नाही, म्हणून वाफ कमी होते आणि शेवाळही कमी धरतं. भर उन्हाळ्यात त्या पाण्याची ओंजळ तोंडाला लावावी, दात शिवशिवतात!

गडावर जायच्या वाटा पुष्कळ. पुण्याहून एसटीनं जाणाऱ्यांची जुनी वाट खिरेश्वरची. आळेफाट्याहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या गाडीनं खुबी फाट्यावर उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाठायचं आणि टोलार खिंडीतून वर चढायचं. पाच-सहा तास सहज लागतात. स्वतःचं वाहन असेल तर ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे पाचनई. तिथून वाट सोपी, अडीच-तीन तासांची. दोन्ही वाटांनी माणशी तीन लिटर पाणी पाठीवर असावं. वर टाकी आहेत म्हणून रिकाम्या बाटल्या घेऊन निघणारे तरुण मी पाहिले आहेत. टाकी वर आहेत, चढण त्याच्या आधी आहे.

वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि त्याच्या आसपास लेणी. बाजूला केदारेश्वराची गुहा, थंडगार पाण्यात उभं असलेलं शिवलिंग आणि चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच. इथल्या लेण्यांतच वर्षानुवर्षं डोंगरभटके पथाऱ्या टाकत आले. दिवसभर तापलेला कातळ रात्री हळूहळू निवतो, दवही आत येत नाही, त्यामुळे डिसेंबरातही गुहा तंबूपेक्षा उबदार वाटते. खालची फरशी मात्र अंगातली ऊब ओढून घेते. पांघरूण एक कमी चालेल, अंथरूण जाडच हवं. जाड सतरंजीखाली वर्तमानपत्रांचे चार थर घातले तरी फरक कळतो. (रविवारची पुरवणी वाचून झाल्यावर!) जेवणाची काळजी नको. गावातली मंडळी वर झोपड्या टाकून पिठलं-भाकरी देतात, तंबूही भाड्यानं देतात. पैसे त्यांच्या हाती पडावेत, हे मला रास्त वाटतं.

अडचण आहे ती गर्दीची. मोठ्या सुट्टीला कोकणकड्यावर तंबूला तंबू लागतो. एवढ्या माणसांना शौचालयं कुठली पुरणार? पठारावर माती पातळ. पुढच्या पावसात सगळी घाण पाण्याबरोबर खाली उतरणार. म्हणून काही गोष्टी मी हट्टानं पाळतो. टाक्यात हात-पाय बुडवायचे नाहीत, भांड्यानं पाणी काढून लांब नेऊन वापरायचं. साबण नको, भांडी राखेनं घासायची. आडोशाला बसायचं ते पाण्यापासून दोनशे फूट दूर, खड्डा करून. शेकोटी नको. १९८६पासून हा मुलूख अभयारण्य आहे आणि वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जोशुआ ट्री नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या सरकारी तळांवर थोड्या पैशांत मुक्काम करता येतो. मिळतं काय? क्रमांक घातलेली जागा, एक टेबल, चूल पेटवायचं कडं आणि खड्ड्याचा संडास. बहुतेक तळांवर पाण्याचा नळही नाही, पाणी आपलं आपण न्यायचं. पण जागा मोजलेल्या असतात, एका जागेवर सहाच माणसं. जागा संपल्या की संपल्या. आपल्याकडे दोन टोकं दिसतात, कितीही माणसं जा, नाहीतर मुक्कामच बंद. मला वाटतं, गडावरचं पाणी आणि शौचालयं पाहून माणसांचा आकडा ठरवावा, नोंदणी पायथ्याच्या गावाकडे द्यावी आणि शुल्काचा वाटा टाक्यांतला गाळ काढायला लावावा. गाळ काढायचं काम मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना होतं. चार हात जास्त असले तर दोन दिवसांत उरकतं.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. शनिवार टाळून मंगळवार-बुधवार गाठा. पायथ्याला पोचलात की आधी वनखात्याच्या नाक्यावर मुक्कामाचे सध्याचे नियम विचारून घ्या आणि मगच पिशवी पाठीला लावा.