जितके लिबर्टेरियन, तितकी मतं

२५ मे २०२४. वॉशिंग्टनमध्ये लिबर्टेरियन पार्टीच्या अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प भाषणाला उभे राहिले. मला उमेदवारी द्या, नाहीतर निदान मतं तरी द्या, असं ते म्हणाले आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. मग त्यांनीही टोला हाणला : दर चार वर्षांनी तीन टक्के मतं घेत बसायचं असेल, तर खुशाल बसा. दुसऱ्या दिवशी पक्षाने उमेदवार निवडला तो चेस ऑलिव्हर, युद्धविरोधी चळवळीतून आलेला, समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणारा तरुण. त्यासाठी मतदानाच्या सात फेऱ्या लागल्या. पुढे ज्या कोलोरॅडोत १९७१ साली या पक्षाचा जन्म झाला, तिथल्याच शाखेने ऑलिव्हरना बाजूला सारून अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचं नाव पुढे केलं. २०१६ मध्ये याच पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांना जवळपास ४५ लाख मतं होती. ऑलिव्हरना मिळाली साडेसहा लाख.

माणसाच्या खासगी आयुष्यात, खिशात आणि धंद्यात सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी, असं मानणाऱ्यांना ढोबळमानाने लिबर्टेरियन म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला ते एकाच माळेचे मणी वाटतात. त्यांच्याबद्दलचे काही गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती अशी :

गैरसमज : लिबर्टेरियन म्हणजे वेगळ्या नावाचे रिपब्लिकन.

वस्तुस्थिती : हा पक्ष निघाला तोच एका रिपब्लिकन अध्यक्षावर चिडून. १५ ऑगस्ट १९७१ रोजी रिचर्ड निक्सन यांनी पगार आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या आणि डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. त्याच सुमारास व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची सैन्यभरतीही चालू होती. डिसेंबरात डेव्हिड नोलन आणि त्यांच्या मित्रांनी नवा पक्ष काढला. डावे-उजवे अशी एकच रेघ नोलनना अपुरी वाटे. त्यांनी आराखडा काढला तो दोन अक्षांचा : एकावर आर्थिक स्वातंत्र्य, दुसऱ्यावर व्यक्तिगत स्वातंत्र्य. करकपात आणि खुला व्यापार म्हटलं की लिबर्टेरियन उजव्यांच्या जवळ जातात. अमली पदार्थांवरचे कायदे, पोलिसांचे अधिकार आणि परदेशातली युद्धं हे विषय निघाले की बऱ्याचदा डाव्यांच्या. तरी युद्धावरही एकमत नाही. लिबर्टेरियन विचारांचे रिपब्लिकन खासदार रॉन पॉल यांनी २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. लिबर्टेरियन कायदेपंडित रँडी बार्नेट यांनी मात्र त्या युद्धाची बाजू घेतली.

गैरसमज : या सगळ्यांना सरकार मोडीतच काढायचं आहे.

वस्तुस्थिती : या प्रश्नावर एकाच घरात दोन मतं आहेत. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांना सरकार हवं होतं, पण आटोपशीर. १९६२ च्या ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’मध्ये त्यांनी सुचवलं की, ज्यांचं उत्पन्न ठरावीक रेषेखाली आहे त्यांना सरकारने सरळ रोख पैसे द्यावेत आणि मुलांच्या शाळेसाठी पालकांच्या हाती व्हाउचर द्यावं. त्यांचे चिरंजीव डेव्हिड यांनी १९७३ मध्ये ‘द मशिनरी ऑफ फ्रीडम’ लिहून वडिलांच्याही पुढे मजल मारली : पोलीस आणि न्यायालयंही बाजारातूनच मिळू शकतात, सरकार हवंच कशाला? मरे रॉथबार्ड याच पंथातले. रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये त्यांना उत्तर दिलं की पोलीस, न्यायालयं आणि संरक्षण एवढ्यापुरतं राज्य न्याय्य ठरतं. त्याहून जास्त नाही. फ्रीडरिक हायेक तर यांच्यापेक्षा बरेच मवाळ. अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी समाजाने द्यायला त्यांनी १९४४ मध्येच संमती दिली होती. आणि जिच्या कादंबऱ्या वाचून अनेक जण या वाटेला लागले, त्या आयन रँडला लिबर्टेरियन मंडळी डोळ्यांसमोर नको असत.

गैरसमज : निदान व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या प्रश्नांवर तरी त्यांचं एकमत असतं.

वस्तुस्थिती : सर्वांत कडाक्याची भांडणं इथेच होतात. गर्भपाताचं घ्या. सरकारने यात पडू नये, अशी पक्षाच्या जाहीरनाम्यातली भूमिका होती. पण १९८८ चे पक्षाचे उमेदवार होते रॉन पॉल, पेशाने प्रसूतितज्ज्ञ आणि गर्भपाताचे ठाम विरोधक. २०२२ मध्ये रीनो शहरातल्या अधिवेशनात ‘मिझेस कॉकस’ या गटाने पक्ष ताब्यात घेतला आणि ते कलमच वगळलं. स्वतःला अराज्यवादी भांडवलवादी म्हणवणारे अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियर मिले हेही गर्भपाताच्या विरोधात आहेत. दोन्ही बाजूंचं तत्त्व एकच : दुसऱ्यावर बळजबरी नको. वाद आहे तो गर्भाला ‘दुसरा’ मानायचं की नाही, यावर.

स्थलांतराचंही तसंच. अर्थतज्ज्ञ ब्रायन कॅप्लन यांनी २०१९ मध्ये चक्क कॉमिक काढून सांगितलं की माणसाला जिथे काम मिळेल तिथे जाऊ द्या, सीमा उघडा. याउलट हान्स-हर्मन हॉप म्हणतात, जमिनीचा मालक कोणाला आत घ्यायचं ते ठरवू शकतो. मग देशात येणाऱ्यांवरही निर्बंध हवेतच. मालमत्तेचा हक्क दोघांनाही मान्य, निष्कर्ष मात्र दोन टोकांचे.

गैरसमज : अमली पदार्थांवर बंदी नको म्हणणाऱ्याला त्यांचं सेवन मान्य असतं.

वस्तुस्थिती : एखादी गोष्ट वाईट आहे आणि ती करणाऱ्याला तुरुंगात टाका, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. जुन्या वळणाचे, धार्मिक रॉन पॉलही बंदीच्या विरोधात आहेत.

गैरसमज : ही सारी धनिकांच्या पैशावर चालणारी मंडळी.

वस्तुस्थिती : पैसा आहे, यात वाद नाही. उद्योगपती डेव्हिड कोक १९८० मध्ये पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि त्यांचे बंधू चार्ल्स यांनी कॅटो इन्स्टिट्यूट ही लिबर्टेरियन अभ्याससंस्था उभी करायला हातभार लावला. त्याच कॅटोच्या संस्थापकांपैकी रॉथबार्ड यांना १९८१ मध्ये बाहेर पडावं लागलं; पुढच्या वर्षी त्यांच्या सहभागाने अलाबामात मिझेस इन्स्टिट्यूट निघाली आणि दोन्ही संस्थांचं आजही पटत नाही. शिवाय या विचाराची एक जुनी डावी शाखाही आहे. फ्रेंच अराज्यवादी जोसेफ देजाक यांनी १८५८ मध्ये न्यूयॉर्कमधून ‘ल लिबर्तेर’ हे पत्र काढलं. त्यांना सरकारइतकीच खासगी मालमत्ताही नकोशी होती. नोम चॉम्स्की हे स्वतःला लिबर्टेरियन समाजवादी म्हणवतात.

गैरसमज : हे अमेरिकेचं खूळ, आपल्याकडे असं काही नाही.

वस्तुस्थिती : नाव वेगळं असलं, तरी विचार आपल्या ओळखीचा आहे. परमिट-लायसन्स राजविरुद्ध १९५९ मध्ये ‘स्वतंत्र पक्ष’ काढणारे राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, दारूबंदीचे मात्र कट्टर पुरस्कर्ते होते. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे प्रमुख असताना त्यांनी सेलम जिल्ह्यात ती लागूही केली. त्याच पक्षातले मुंबईचे मिनू मसानी एकेकाळी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत होते. आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणारे शेतकरी नेते शरद जोशी? नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून त्यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध पडलेलं एकमेव मतही त्यांचंच होतं. विधेयकाच्या बाजूने १८६ मतं पडली होती.

या सगळ्यांना बांधणारा धागा एवढाच : सक्ती करायची असेल, तर तिचं समर्थन सक्ती करणाऱ्याने करावं, नको म्हणणाऱ्याकडे कारण मागू नये. प्रश्न एकच आहे, उत्तरं अनेक. म्हणून कोणी स्वतःला लिबर्टेरियन म्हणवलं, की तेवढ्यावरून त्याचं मत गृहीत धरू नका. सरकार किती हवं, सीमा किती उघडी हवी, गर्भपाताचा निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न त्याला विचारा आणि मगच त्याच्याशी सहमत व्हायचं की वाद घालायचा, ते ठरवा.