बैलाचे वय दातावरून, मग माशाचे कशावरून?

बुलढाणा : बैलबाजारात शेतकरी आधी बैलाचे तोंड उघडून पाहतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला, त्यावर भाव ठरतो. पण समुद्रातल्या माशाचे वय कसे कळणार? आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, तरी आठवडी बाजारात सुके बोंबील येतातच.

माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, चुनखडीसारखे पांढरे खडे असतात. मासा वाढतो तसे खड्यावर थर चढतात. थंड देशांच्या समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते आणि झाडाच्या खोडासारखे दरवर्षी एक वर्तुळ उमटते. वर्तुळे मोजली की वय कळाले.

आपल्याकडे गोची इथेच होते. पाणी बारमाही कोमट, त्यामुळे वर्षाचे वर्तुळ धड उमटत नाही. उमटलेच तर ते वर्षाचे, पावसाळ्याचे की अंडी घालताना बसलेल्या ताणाचे, हे सांगणे कठीण. 1971 मध्ये पनेला या शास्त्रज्ञाने खड्यात रोजचीही बारीक वर्तुळे असतात, हे दाखवले. खडा घासून पातळ करायचा अन् सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचे. काम भलतेच किचकट.

म्हणून दुसरी पद्धत जास्त चालते. बंदरावर उतरलेल्या शेकडो माशांची लांबी दर महिन्याला मोजायची. कपाशीत पहिल्या पेरणीची झाडे आणि नंतर भरलेल्या नांग्या उंचीवरून वेगळ्या ओळखू येतात, तसेच हे. एका हंगामात जन्मलेले मासे साधारण एकाच लांबीचे असतात. पुढच्या महिन्यात तो गट थोडा लांब झालेला दिसतो. जितका फरक, तितकी वाढ. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था असे मोजमाप वर्षानुवर्षे करते. मात्र मासे वर्षभर अंडी घालत असतील तर गट एकमेकांत मिसळतात. जाळ्याचे आस मोठे असतील तर लहान मासे निसटतात, मोजणीत येतच नाहीत.

हिशोब चुकला तर फटका मोठा. सावकाश वाढणारा मासा झपाट्याने वाढतो असे धरले, तर जेवढा भरून निघतो त्याहून जास्त पकडला जातो. 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची 135 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभरही नाही. त्याहून लहान पापलेट म्हणजे बहुतेक वेळा एकदाही अंडी न घातलेला मासा.