जॉइंट खातं आणि नवऱ्याचं कर्ज
वाळूजमधल्या लघुउद्योजकाचं कर्ज थकलं, तर जॉइंट खात्यातला शिक्षिका पत्नीचा पगारही बुडतो का? ‘एदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहिलेला) ही पैसे काढायची मुभा आहे, मालकी नव्हे. एका कपाटाच्या दोन किल्ल्या, इतकंच. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिशकाळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९२८ मध्येच सांगितलं, की पत्नीचं नाव जोडल्याने पैसे आपोआप तिचे होत नाहीत. हे उलटही लागू पडतं. निवाडा एकट्या पतीविरुद्ध असेल, तर जप्ती त्याच्याच पैशांवर. आयकर वसुलीत मात्र, कायद्यानुसार, दोघांचे वाटे समान धरतात. वेगळे असल्यास पुरावा द्यावा लागतो. पासबुकं धुंडाळण्यापेक्षा पगाराचं खातं आधीपासून स्वतंत्र असलेलं बरं. ती कर्जाला जामीन असेल, तर तेही वाचवत नाही.