क्रीडोत्सवाचा बंदोबस्त आणि परकी विमाने

धाराशिव जिल्ह्याने खो-खोला जे खेळाडू दिले त्यांपैकी सारिका काळे यांना 2020 साली अर्जुन पुरस्कार लाभला, आणि 2025च्या जानेवारीत दिल्लीत भरलेल्या पहिल्या विश्वचषकात याच जिल्ह्याच्या अश्विनी शिंदे भारतीय संघातून खेळल्या. परंतु ज्या 19 जानेवारीला भारताने ते विजेतेपद मिळवले, त्याच दिवसापासून प्रजासत्ताकदिनापर्यंत राजधानीच्या विमानतळावर रोज सकाळी 10.20 ते दुपारी 12.45 विमानांना ये-जा करण्यास मज्जाव होता, याची वार्ता विजयोत्सवात फारशी कोणाच्या कानी गेली नसावी. अर्थात तो मज्जाव संचलनाप्रीत्यर्थ होता. खास खेळाखातर आकाश बंद झाले ते अहमदाबादेस, 19 नोव्हेंबर 2023 रोजी, जेव्हा क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरतींसाठी दुपारी 1.25 ते 2.10 अशी पाऊण तासाची मनाई जाहीर झाली. लंडनने तर 2012च्या ऑलिंपिकसमयी राहत्या इमारतींच्या गच्च्यांवर क्षेपणास्त्रे चढवली होती!

अशा समयी परकी विमानकंपन्यांवरच गदा येते, हा समज मात्र निराधार आहे. 1944च्या शिकागो कराराचे नववे कलम राष्ट्राला सार्वजनिक सुरक्षिततेस्तव आपल्या आकाशाचा काही भाग बंद ठेवण्याची मुभा देते, पण नियमित आंतरराष्ट्रीय सेवेतील स्वकीय आणि परकीय विमानांत भेद करू देत नाही. तरीही झळ परक्यांनाच अधिक लागते; कारण दहा तासांच्या पल्ल्यावरून येणाऱ्या विमानाला उतरण्याची ठरलेली वेळ हुकली, तर घिरट्यांसाठी जादा इंधन, पर्यायी विमानतळ आणि परतीच्या फेरीचे वेळापत्रक अशी सगळीच तजवीज नव्याने करावी लागते.

जमिनीवरचा अंमल निराळा. 1976 साली झालेल्या एका विमान-अपहरणानंतर 1978 साली स्थापन झालेला आणि 1987 साली स्वतंत्र खाते बनलेला नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्यूरो परकी कंपन्यांचेही सुरक्षा-आराखडे तपासून मंजूर करतो. आणि धोक्याचा इशारा असेल तेव्हा विमानतळात एकदा झडती दिलेल्या प्रवाशाला, ऐन विमानाच्या शिडीपाशी, हातातील पिशवीसह पुन्हा झडती द्यावी लागते. हा जाच खरा, पण माझ्या मते रास्त.

धाराशिवला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमानसेवा नाही. तेव्हा पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठून परदेशी जाणाऱ्यांनी अशा दिवसांत कंपनीकडे सुधारित वेळेची चौकशी करूनच घर सोडावे.